नोटांचा मोर

मोराच्या गळ्यावर रशियाची महाराणी उलटी चिकटवली होती. डोकं खाली, मुकुट टेबलाकडे.

चंद्रिकाला आधी तीच दिसली. तळेगावहून वऱ्हाड यायच्या आत रुखवतावरची चादर काढून ठेवावी, म्हणून ती अंघोळ करून तशीच मांडवात आली होती. चादर काढली आणि हातातच राहिली. क्रोशाचे रुमाल, गुळाच्या कापण्या, करंज्यांची परात, आणि मधोमध दोन हात उंचीचा मोर, पिसारा पुरता फुलवलेला. पिसाऱ्याचं एकूण एक पीस नोटेचं होतं. चीनच्या निळ्या नोटांचे पंख, जर्मनीच्या तांबूस नोटांचे डोळे, स्विस फ्रँकचा तुरा. कडा नागमोडी कातरून सगळं मैद्याच्या खळीने पुठ्ठ्यावर डकवलं होतं. खळ अजून पुरती वाळलीही नव्हती.

मोरापुढे एक कार्ड उभं केलं होतं. 'कलाकुसर: कु. चंद्रिका मोहिले.'

ती आपल्या खोलीत गेली. कपाट उघडलं, बिस्किटांचा मोठा डबा काढला. आत पातळ पांढऱ्या कागदाच्या रिकाम्या घड्या होत्या, आणि तळाशी कातरलेल्या कडांचा चुरा. शाळकरी वयापासून जमवलेल्या नोटा. कार्ल्याची लेणी पाहायला आलेल्या गोऱ्या मडमांकडे धीर करून मागितलेल्या, वळवणच्या धरणावरच्या स्विस इंजिनियरच्या बायकोने जाताना दिलेल्या, तुंगार्लीच्या बंगल्यांत हवापालटाला उतरणाऱ्या मुंबईच्या बोटींवरच्या माणसांनी खिसे झटकून काढलेल्या. कपाटाला कुलूप नव्हतं. आपल्याच घरात कुलूप लावावं असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं, आणि तेच चुकलं होतं.

आता कुणी म्हणेल, कागदाच्या तुकड्यांपायी लग्नघरात एवढं काय? असं म्हणणाऱ्याने आधी आपलं कपाट चार दिवस शेजाऱ्याच्या हवाली करावं आणि मग बोलावं.

लीलाबाई माजघरात विड्यांची तबकं लावत होत्या. नवरीची आई म्हणजे त्या दिवशी घराची राणी. नव्या शालूत घामाघूम झाल्या होत्या.

"वहिनी, माझा डबा कुणी उघडला?"

"कुठला डबा?" असं म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या हसल्या. "पाहिलात होय मोर? मी म्हटलं, चादर काढू तेव्हाच तुम्हाला दाखवू. माझ्या बहिणीने, शालूने, आणि मी किती जागरणं केली त्याच्यापायी! कसा झालाय?"

"मला विचारलंत?"

"तुम्ही पुण्याला पेपर तपासायला गेलेल्या, काल रात्री परतलेल्या. कुणाला विचारणार? आणि वन्सं, विचारण्यासारखं काय होतं त्यात? लढाई संपून वर्ष होत आलं तरी साखर रेशनवर. साखरेची फळं नाहीत, खेळणी नाहीत, हलव्याचे दागिने नाहीत. रुखवतावर मांडू काय? रंगीत कागद आणावा तर अख्ख्या पुण्यात पतंगाचा कागद मिळेना. आणि इकडे तुमच्या कपाटात डबाभर रंगीत कागद पडलेला."

"पडलेला नव्हता. ठेवलेला होता. आणि तो कागद नव्हता, नोटा होत्या."

"चालतात का त्या कुठे? कामशेतच्या बाजारात दाखवल्या तर वाणी मीठसुद्धा देणार नाही. अहो, परवा जानेवारीत सरकारने आपल्याच हजाराच्या नोटा रद्दी करून टाकल्या, तिथे ह्या तर मुळातच रद्दी!" मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखं त्या म्हणाल्या, "आणि नाव तुमचंच लावलंय ना. शालू म्हणत होती, आपलं लावू. मी म्हटलं नाही, नोटा वन्संच्या, मान वन्संचा."

चंद्रिकाची कानशिलं तापली. "ते नाव काढा."

"काढून काय सांगू? सख्ख्या आत्याने भाचीच्या रुखवतात एक सुईसुद्धा ठेवली नाही म्हणून?"

लीलाबाई खोटं बोलत नव्हत्या, हीच तर खरी चीड येण्यासारखी गोष्ट. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण नणंदेवर उपकार केलाय. साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "मोहिल्यांकडच्या रुखवताची नावाजणी ऐकून आहोत हं आम्ही." त्या एका वाक्याने लीलाबाईंची झोप उडवली होती. दोन्ही जावांच्या लेकींच्या लग्नांत साखरेचे बंगले झाले होते, आणि आपल्या एकुलत्या लेकीला, रजनीला, मात्र कापण्यांवर पाठवायचं? त्या रात्रीपासून घरातली प्रत्येक रंगीत वस्तू त्यांना रुखवताची दिसत होती. वन्संना मूल नाही, संसार नाही. डब्यातले कागद शेवटी कुणासाठी? रजनीसाठीच ना? मग रजनीच्याच लग्नात लागले तर बिघडलं कुठे? आणि एवढं करून हे तोंड! लीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांच्या यजमानांनी, दीनानाथांनी, नेमकं पाहिलं.

दीनानाथ वडगावच्या कोर्टात वकिली करत. घरातही दोन्ही बाजू ऐकून घेतल्याचा आव आणून ते निकाल नेहमी एकाच बाजूने देत.

"चंद्रिका, आज नाही," ते म्हणाले. "मंगलाष्टकं होऊन जाऊ देत. मग काय ते बोल."

"मग कधी, दादा? मोर तळेगावला गेल्यावर?"

"आता तो उकरून काढलास तरी नोटा जुळणार आहेत का?"

"जुळणार नाहीत. म्हणूनच बोलतेय. निदान त्या कुणी कापल्या ते तरी खरं सांगा. माझ्या नावाने खपवू नका."

"हे बघ, मुलीचं लग्न आहे—"

"माझं ठरत होतं तेव्हा अप्पांचं आजारपण होतं. तेव्हाही तू म्हणालास, मग बघू. मी मुंबईला ट्रेनिंगला जाणार होते तेव्हा म्हणालास, चिंतामणीचं मार्गी लागू दे, मग. तुझं हे 'मग' ऐकत ऐकत मी म्हातारी झाले. एका डब्यापुरतं तरी मला 'आत्ता' म्हणू देत!"

दीनानाथांनी इकडेतिकडे पाहिलं. आचारी ऐकत होता. "हळू बोल," एवढंच त्यांना सुचलं.

पण तेवढ्यात धाकटा भाऊ चिंतामणी आला, आणि हळू बोलण्याचा प्रश्न मिटला. चिंतामणी रेल्वेत गार्ड. लोणावळ्याला घाटाचं इंजिन जोडेपर्यंत गाडी थांबली की हा डब्याडब्यांतून हिंडून परदेशी उतारूंकडे ताईसाठी नोटा मागायचा. मांडवातला मोर पाहून तो सरळ माजघरात घुसला होता.

"कुणी केला हा प्रकार? ताई, तू गप्प कशी? त्या तुर्की नोटेसाठी मी एका मेजरच्या ट्रंका स्वतः उचलल्या होत्या! दादा, मी आत्ता जाऊन तो मोर उचलतो आणि परसात फेकतो. होऊ दे काय व्हायचं ते."

"चिंतामणी, तू तरी!" लीलाबाई कळवळल्या.

"तू तरी काय, वहिनी? चोरी ती चोरी!"

कुणीतरी शेवटी तो शब्द उच्चारला होता. चंद्रिकाला एकदम बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले आणि ती तशीच मागच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

ओट्याशी बैलगाडीतून तांदळाची पोती उतरत होती. पवन मावळातला अंबाजी मोहिल्यांकडे पिढ्यानपिढ्या तांदूळ घालायचा. आज त्याचा मुलगा महिपती आला होता, नुकताच पलटणीतून सुटून. लहानपणी बापाबरोबर यायचा तेव्हा ह्याच ओट्यावर चंद्रिकाने त्याला अक्षरं गिरवायला लावली होती.

"बाई, तुमचा मोर बगून आलो," तो म्हणाला. हसत नव्हता. "त्येच्या पायाला जांबळी नोट हाय, ती माजी न्हवं?"

"तुझीच."

"रंगूनची, जपान्यांनी छापल्याली. जपानी पळालं आन् तितं रस्त्यावर ह्या नोटांचा नुसता कचरा झालता. आमी त्येच्यावर च्या उकळला. पर ही एक म्या पे-बुकात घालून आणली. तुमी म्हनला व्हता, आणशील तर घडी पडू दिऊ नगंस. लय ठिकानी पावसात भिजलो, पर तिला घडी न्हाई पडू दिली." त्याने पोत्यावरचा हात काढला. "कुणी कातरली?"

"घरातल्यांनीच."

"आन् तुमचं नाव लावलंया. म्या वाचलं की. मला वाटलं, बाईंनीच कातरली. मनात म्हनलं, मंग आपल्याला कशापायी आणाया लावली?"

इतका वेळ चंद्रिकाला वाटत होतं की आपलंच काय ते नुकसान झालंय. ज्यांनी ज्यांनी तिला नोटा दिल्या, त्या सगळ्यांपुढे आता तिचं नाव त्या कातरकामाखाली होतं.

"मी नाही कातरली, महिपती."

"व्हय, ते कळलं आता. पर म्या एकल्यालाच कळलं." त्याने पोतं पाठीवर घेतलं. "तुमी तितं जाऊन बोला की, बाई. आमास्नी शिकवताना लय मोटा आवाज व्हता तुमचा."

मांडवात ताशा वाजला. वऱ्हाड आलं होतं. पाय धुणं, गुळपाणी, गाठीभेटी झाल्या, आणि व्याही कारखानीस थेट रुखवतापाशी येऊन थांबले. मोर पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि परत लावला.

"वा! असा मोर अख्ख्या तळेगावात कुणी पाहिला नसेल. ह्या खऱ्या नोटा आहेत? एवढ्या देशांच्या मिळवल्या कुणी?"

चंद्रिका खांबाजवळ उभी होती. तिने चिंतामणीकडे पाहिलं. चिंतामणीनेही तिच्याकडे पाहिलं. मग दीनानाथांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि व्याह्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही का?"

"म्हणजे... मीच आणल्या म्हणायला हरकत नाही," चिंतामणी म्हणाला. "रेल्वेत आहे ना. जगभरची माणसं भेटतात." आणि मग त्याची जीभ सुटली. "ही तुर्कस्तानची. हिची तर मोठी गंमत आहे. एक मेजर होता..."

व्याही हसले, व्याह्यांचे भाऊ हसले, चिंतामणीही हसला. परसात फेकायच्या मोराची एकेक पिसं तो काठीने दाखवू लागला. चंद्रिका तिथून निघाली ती तडक गौरीहराच्या खोलीत.

रजनी पिवळी अष्टपुत्री नेसून पाटावर बसली होती. समोर अन्नपूर्णा, हातात तांदूळ. मामा न्यायला येईपर्यंत नवरीने गौरीहरावरून उठायचं नाही. आत्या आली हे तिने पावलांवरून ओळखलं आणि मान वर केली नाही.

"तुला माहीत होतं?"

"आई म्हणाली, तुला विचारलंय."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

रजनीच्या चिमटीतले तांदूळ तसेच राहिले. ती सात वर्षांची असल्यापासून हा डबा त्या दोघींचा होता. पावसाळ्यात शाळा बुडाली की दोघी खिडकीशी बसून नोटा बघायच्या. हात धुऊन, कोरडे करून, नोट फक्त कडेने धरायची. रजनी दहाची झाली तेव्हा एका नोटेला तिने हौसेने डिंक लावला होता. आत्या दिवसभर जेवली नव्हती. ती आत्या मोर करायला नोटा देईल? खरं कसं वाटेल? पण आई आणि मावशी कात्री घेऊन बसल्या, एकेक पीस तयार व्हायला लागलं, आणि मोर इतका देखणा होत गेला की रजनीने पुण्याला चिठ्ठी टाकली नाही. टाकली असती तर आत्याचं उत्तर काय आलं असतं ते तिला ठाऊक होतं. ते उत्तर तिला यायला नको होतं.

"बोल ना," चंद्रिका म्हणाली.

रजनीने चिमटीतले तांदूळ अन्नपूर्णेवर वाहिले आणि पुढची चिमट घेतली. चंद्रिका थोडा वेळ तिच्या मुंडावळ्यांकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली. ती रागावून दोन शब्द बोलली असती तर रजनीला सोपं गेलं असतं.

बाहेर बायकांचा घोळका रुखवतापाशी जमला होता. लीलाबाई एकेक वस्तू दाखवत होत्या. हे रुमाल रजनीचे, ह्या करंज्या मोठ्या जाऊबाईंच्या. मोराशी आल्यावर त्यांचा आवाज चढला. "आणि हा आमच्या वन्संनी केलाय. आत्याची भाचीला आठवण."

विहीण नंदाबाई कारखानीस वाकून पाहत होत्या. "चंद्रिकाबाई, हातात काय कला आहे तुमच्या! आम्हाला वाटलं, शिक्षिका म्हणजे नुसती छडी."

बायका हसल्या. चंद्रिका पुढे झाली. "हा मी केलेला नाही."

लीलाबाई पटकन म्हणाल्या, "असंच आहे त्यांचं. कधी मोठेपणा घ्यायच्या नाहीत."

"मी केलेला नाही," चंद्रिका पुन्हा म्हणाली, शाळेतल्या आवाजात.

"लाजतेय ती," दीनानाथ मागून म्हणाले आणि मोठ्याने हसले. "लहानपणापासून लाजाळू."

त्यावर अख्खा मांडव कौतुकाने हसला. नंदाबाईंनी तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. चाळिशीला आलेली बाई भर मांडवात दोनदा सांगते की हे माझं काम नाही, आणि मांडव म्हणतो, किती लाजाळू! चंद्रिकाला ओरडावंसं वाटलं. तिने तोंड उघडलं, पण ओरडली तर 'लाजते'च्या जागी 'भ्रमिष्ट आहे' म्हणतील, हे तिला दिसत होतं.

तेवढ्यात बायकांमधून कुजबुज उठली आणि वाट झाली. रजनी येत होती. मामा आणायला गेला नव्हता, मुहूर्त व्हायचा होता, आणि नवरी गौरीहरावरून उठून एकटी मांडवात चालत आली होती. हातातले तांदूळ बोटांमधून गळत होते.

"अगं बाई! अपशकुन!" कुणीतरी म्हणालं. लीलाबाई धावल्या. "रजनी, आत चल. आधी आत चल!"

"आत्या लाजत नाहीये," रजनी म्हणाली. शब्द स्वच्छ होते. "मोर आईने आणि शालूमावशीने केलाय. आत्याच्या कपाटातल्या नोटा काढून, तिला न विचारता. ती पुण्याला होती तेव्हा." मग तिने नंदाबाईंकडे पाहिलं. "मला माहीत होतं. मी थांबवलं नाही. मला मोर हवा होता."

ताशेवाल्याने हात थांबवला. लीलाबाई खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. चिंतामणी हातातल्या काठीकडे बघत राहिला. दीनानाथ पुढे आले. "रजनी, एक शब्द बोलू नकोस. आत जा."

"जाते, बाबा. बोलून झालंय माझं."

सगळ्यांच्या नजरा विहिणीकडे लागल्या. नंदाबाई व्यवहारी बाई होत्या. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा मोराकडे. लग्न मोडण्याइतकं काही घडलं नव्हतं, पण रुखवतातली वस्तू चोरीची निघाली, हेही काही रोज घडत नाही. त्या चंद्रिकाकडे वळल्या. या वेळी त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही.

"चंद्रिकाबाई, वस्तू तुमची. हा मोर आम्ही न्यायचा की नाही?"

सगळा मांडव आता तिच्या उत्तरासाठी थांबला होता. सकाळपासून तिला हेच हवं होतं. लीलाबाईंनी पदराआडून हात जोडले. दीनानाथांच्या तोंडावर 'मग' तयार होतं, पण ते आतच राहिलं.

चंद्रिका टेबलाशी गेली. आपल्या नावाचं कार्ड उचललं आणि चार तुकडे केले. मग रजनीसमोर येऊन उभी राहिली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मुंडावळ्या ओल्या गालांना चिकटल्या होत्या. चंद्रिकाने हात उचलून त्या बाजूला केल्या, अगदी हळू.

"न्या," ती नंदाबाईंना म्हणाली. "मला तो ह्या घरात नको."

रजनीने श्वास सोडला. "आत्या—"

"तुझ्या खोलीत लाव, रजनी. पलंगासमोर. रोज सकाळी डोळे उघडलेस की पहिला तो दिसला पाहिजे."